पंपावरचं हेड

ऑइलडेल गावात कुणाच्या जुन्या इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड लोखंडी झाकण, फुटलं की तो ते घेऊन व्हर्ना टॅकेटकडे यायचा. दुकान कसलं, घरामागची पत्र्याची शेड. बापाने उभारलेली. व्हर्ना शाळेत असताना त्याने तिला झाडलोटीला म्हणून आत घेतलं आणि पाहता पाहता ती व्हॉल्व्ह घासायला बसली. पुढे बाप गेला, तिचं लग्न झालं, मोडलंही. पण तिचे हात काही त्या कामावरून निघाले नाहीत.

धाकटा भाऊ गारलंड त्याच अंगणात, पलीकडच्या ट्रेलरमध्ये राहायचा. तेलविहिरीच्या मचाणावरून पडल्यापासून त्याचा डावा खुबा कामातून गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याने ताडपत्री ओढून तरुणपणची गाडी बाहेर काढली. चौतीस सालची दोन दारांची फोर्ड, छप्पर कापून बुटकं केलेलं, आणि पुढे छप्पन सालचं धिप्पाड आठ सिलिंडरांचं व्ही-एट इंजिन. बापलेकांनी मिळून बांधलेली. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर, जिथे गाड्यांच्या वेगाच्या शर्यती होत, एकदा पाणी गळून इंजिन पार भाजलं होतं, तेव्हापासून ती तशीच पडून होती.

"सगळं त्या वेळचंच हवं," गारलंडने बजावलं. "आजकालची ॲल्युमिनियमची हेडं मला दाखवूसुद्धा नकोस."

"नाही दाखवत. हे जरा उचलू लाग."

"माझा खुबा..."

"मग तोंडाला तरी विश्रांती दे," म्हणत तिने साखळी लावून एकेक लोखंडी धूड टेबलावर घेतलं.

तिने दोन्ही बाजूंची हेडं धुतली, चुंबक लावून वर लोखंडाची भुकटी शिंपडली. उजव्या हेडला काही नव्हतं. डाव्या हेडवर मात्र दोन व्हॉल्व्हच्या मधोमध भुकटीची बारीक काळी रेघ उमटली. लोखंड तडकलं होतं. व्हर्नाने तड्यावर ओळीने भोकं पाडली, प्रत्येकात लोखंडी पिन पिळून बसवली आणि हातोडीने ठोकून सपाट केली. मग पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरली आणि हेड टाकीत बुडवलं. दोघंही वाकून बघत राहिली. बराच वेळ काही नाही. मग एक बुडबुडा वर आला.

"एकच तर आहे," गारलंड म्हणाला. "तेवढं तर माझंही गळतं."

"तुला डॉक्टरकडे नेते. हे भंगारात जाईल."

"बापाने हाताने घासलेलं हेड आहे ते, व्हर्ना!"

"ठाऊक आहे. मी शेजारी बसले होते. तापलं की ही चीर उघडेल, पाणी सिलिंडरात उतरेल, आणि तू पुन्हा तळ्यावर वाफ बघत उभा राहशील."

तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन मुकाट निघून जायचा. व्हर्नाने चौकशी चालूच ठेवली. शेवटी शाफ्टरकडच्या एका बदामाच्या बागेत, पंपाच्या खोपटात, त्याच घडणीचं इंजिन गंजत पडलेलं सापडलं. मालकाला जागा रिकामी हवी होती. तिने डावं हेड काढून आणलं.

ते बघून गारलंडचं मौन सुटलं. "पाणी उपसणाऱ्या इंजिनचं हेड? माझ्या गाडीला?"

"साचा तोच आहे. व्हॉल्व्ह तेवढे बारीक आहेत. ते टेकतात त्या सीटा मोठ्या करते, त्यांच्या दांड्यांना नवे गाईड ठोकते, बापाने केली तशी हवेची वाट आतून घासून घेते."

"लोक काय म्हणतील?"

"तू सांगितल्याशिवाय काही म्हणणार नाहीत. आणि तू सांगणारच."

हिवाळा त्यातच गेला. दोन्ही हेडांच्या खळग्यांत सारखंच तेल मावेपर्यंत ती मापून मापून घासत राहिली. इंजिन सुरू झालं त्या दुपारी शेजारच्या म्हातारीने कुंपणावरून शिव्या घातल्या, आणि गारलंडने तिला टोपी काढून सलाम केला.

अडचण नंतर आली. व्हर्ना भांडी घासताना खिडकीतून बघत होती. गारलंड गाडीत बसला, क्लच दाबायला गेला, आणि पाय अर्ध्यातच थांबला. त्याने दोन्ही हातांनी मांडी खाली रेटली. गाडी दचकून बंद पडली. तो पुन्हा रेटत होता, गाडी पुन्हा बंद पडत होती. मग तो नुसताच बसून राहिला. ती बाहेर गेली नाही. माणसाला अशा वेळी कुणी बघितलेलं आवडत नाही, हे तिला कळत होतं.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "सिस, तळ्यावर तू चालव."

"मी? खुळा की काय तू! मी कधी त्या तळ्यावर पाऊलसुद्धा टाकलं नाही."

हे खरंच होतं. बाप पोरीला तिकडे नेत नसे, आणि पुढे दरवेळी टेबलावर कुणाचं ना कुणाचं काम अडलेलं असे. तिने केलेली हेडं तळ्यावर धावून आली, ती स्वतः मात्र शेडमध्येच राहिली.

"दुसऱ्या कुणाला देणार नाही मी गाडी," गारलंड म्हणाला. "तशीच ठेवीन ताडपत्रीखाली."

"धमकी देतोस?"

"विनंती करतोय. मला विनंती नीट करता येत नाही एवढंच."

मे महिन्यात, शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या एका पोराचा आगीपासून वाचवणारा सूट उसना घालून, पट्टे आवळून व्हर्ना गाडीत बसली. सूट दंडांत घट्ट होत होता. निशाण पडलं. पहिले काही क्षण ती फक्त घाबरली होती. मग इंजिनचा आवाज एकजीव झाला. डावी बाजू, उजवी बाजू, काही वेगळं ऐकू येईना. तिने पाय आणखी दाबला. पुढे पांढरी सपाट माती आणि लांबवर डोंगर, बाकी काही नाही. ती मोठ्याने हसली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

नवख्या चालकांसाठी घातलेल्या वेगमर्यादेच्या जरा आतच तिचा वेग भरला. गारलंड आपला बिनक्लचचा ट्रक घेऊन मागोमाग आला, लंगडत खिडकीशी पोचला.

"कसं वाटलं?"

"तिसऱ्या गिअरला अडखळतं. कार्ब्युरेटर तू लावलास ना?"

"आल्याबरोबर खोड काढलीस!"

"मग नीट लाव. दुपारी पुन्हा पळवायचीय मला."

हातमोजे घातलेल्या बोटांनी तिला हेल्मेटचं बक्कल सुटेना. गारलंडने हात आत घालून ते सोडवलं आणि तो पेचकस आणायला ट्रककडे गेला.