हॉट प्रेसमधला साबण

पोट्ट्यांनो,

पार्सल मिळालं, पापड फारसे तुटले नाहीत, आणि त्यातल्या चिनी पुस्तकाला हिंगाचा वास का येतो असं तुम्ही विचारताय, हे तुमच्या आईने फोनवर सांगितलं. व्हिडिओ कॉलवर मला ही गोष्ट सांगता येत नाही. तुम्ही मध्येच काहीतरी विचारता आणि माझा क्रम चुकतो. म्हणून लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. ‘पोट्टे’ म्हणजे मुलं, हा माझ्या आईचा शब्द आहे, नागपूरकडचा. कॉन्व्हेंटमध्ये तो तोंडातून गेला म्हणून मला बाकावर उभं केलं होतं. त्यानंतर मी तो कधी लिहिला नाही. आज लिहिला.

मी तुमच्या मामाकडे आयर्लंडला, मेनूथ गावी राहायला आले तेव्हा शेजारच्या घरात तीन मुली भाड्याने राहत होत्या. मुली म्हणजे तिशी ओलांडलेल्या, पण मला त्या मुलीच. एक हाँगकाँगची, एक तैवानची आणि एक मलेशियातल्या पेनांग बेटावरची. दिवसा पहिली स्वोर्ड्सला विमानतळाजवळच्या ऑफिसात, दुसरी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणि तिसरी पाळणाघरात. संध्याकाळी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तिघी मिळून पुस्तकं करायच्या. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र आणि अक्षरं उलटी कोरायची, शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासत बसायचं. छपाईचं यंत्र ठेवायला शेडमध्ये जागाच नव्हती. पुस्तकावर कुणा एकीचं नाव नसे. मला हे पटेना. मी विचारलं, मग लेखक कोण? हाँगकाँगची म्हणाली, “चमचा, आंटी.”

त्या उन्हाळ्यात पेनांगच्या मुलीची आई इथे राहायला आली. तिला होक्येन ही घरची चिनी बोली येत होती, मलाय येत होती, आणि इंग्रजी अगदी कामापुरतं. पेनांगलाही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात. त्यामुळे ती मला आंटी म्हणे, मी तिला आंटी म्हणे, आणि त्यापुढे ती तिच्या भाषेत बोले आणि मी मराठीत. बाकावर बसून आम्ही दोघी शेंगा सोलायचो. तुमचा मामा म्हणे, दोघींना एकमेकींचं काही कळत नाही म्हणूनच इतकं छान जमतं.

तिची मुलगी तेव्हा एक पुस्तक करत होती. आई कामं करताना जे बोलायची तेच त्यात होतं: भात धुताना, कपडे धुताना, मुलांवर ओरडताना. एका पानावर एक काम आणि आईचं एक वाक्य. आई परत जाईल तेव्हा तिने ते पुस्तक सोबत न्यावं, एवढंच त्या मुलीला हवं होतं. पण आई शेडमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हती. आपलं बोलणं घरात बोलायचं असतं, पुस्तकात शाळेची भाषा असते, हे कसलं भलतंच छापताय, लोक हसतील, असं ती म्हणते, हे मुलीनेच मला सांगितलं. ती हसत हसत सांगत होती, पण शाईचा हात तिने दोनदा डोळ्याला लावला आणि गाल काळा करून घेतला. मला कॉन्व्हेंटमधलं ते बाक आठवलं. मी तिला रुमाल दिला.

आई रविवारी निघणार होती. आधीचा सगळा आठवडा पाऊस होता, शेडमध्ये ओल, तेलाची शाई वाळेना. एका सकाळी दारावरची बेल वाजली. पेनांगची मुलगी दोन्ही हातांवर ओले कागद घेऊन उभी. म्हणाली, “आंटी, तुमचा हॉट प्रेस जरा वापरू का?”

मी तिला इस्त्री आणून दिली. तापवून.

नागपूरला आम्ही कपडे प्रेसला देतो. मला वाटलं, कागदाच्या सुरकुत्या काढायच्या असतील. ती त्या इस्त्रीकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की कागद पडतात की काय असं झालं. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट, आणि गरम पाण्याची टाकी असते ते कपाट म्हणजे हॉट प्रेस. टॉवेल, चादरी तिथे ऊबदार राहतात. तुमच्या मामीने हे मला सांगितलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही; खरं तर मी तिथेच उडदाचे पापड वाळवत होते, कारण इथल्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. खालची फळी पापडांची, मधली टॉवेलांची. मी वरची रिकामी करून दिली. शनिवारी सगळं वाळलं.

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन शेजारी गेले. आई स्वयंपाकघरात बॅग बांधत होती. मुलीने पुस्तक पुढे केलं. आईने ते न उघडता बाजूला ठेवायला घेतलं, आणि हात थांबला. नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पापडम!”

पेनांगला तमिळ लोकांच्या खाणावळी आहेत. तिच्या घराच्या कोपऱ्यावरच एक होती, असं मुलीने नंतर सांगितलं. आई खुर्चीत बसली आणि तिने पान उघडलं. लहानपणी थोडी शाळा झाली होती, काही अक्षरं ती ओळखत असे. मुलगी वाचून दाखवू लागली. आई ऐकत होती, मध्ये एकदा फिसकन हसली. कपडे धुण्याच्या पानावर तिने मुलीला थांबवलं.

“मी असं कधी बोलले? सापबून म्हणते मी.”

बाकीचं मुलीने नंतर सांगितलं, मला तेव्हा ‘सापबून’ एवढा एकच शब्द कळला. मी म्हणाले, “साबण!” ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने कपडे घासून दाखवले. मीही दाखवले. तोच साबण.

मुलगी गोंधळली. घरचा शब्द मलाय असेल, त्याला चिनी अक्षरंच नसतील, असं समजून तिने तिथे शाळेतला शब्द कोरला होता. तेव्हा शेगडीजवळ उभी असलेली तैवानची मुलगी म्हणाली, माझी आजीही होक्येनच बोलते, तीसुद्धा हेच म्हणते, आणि लिहितात की. तिने कागदावर दोन अक्षरं काढली: एक बर्फाचं, एक लेखनाचं. फक्त आवाजासाठी घेतलेली. आईने दोन्ही ओळखली. पेनांगला कुठला आलाय बर्फ, असं म्हणाली म्हणे. पण पेन्सिल घेऊन तिने ती पुस्तकाच्या मागे स्वतः काढून बघितली.

त्याच संध्याकाळी नवा ठोकळा कोरला. या वेळी आई शेडमध्ये आली, आणि चमचा तिनेच घासला. सकाळी मी ते पान हॉट प्रेसमधून काढून दिलं. पुस्तक तिने मोठ्या बॅगेत ठेवू दिलं नाही, हातातल्या पिशवीत घेतलं.

आता हाँगकाँगची मुलगी दुसऱ्या गावी गेली आहे. शेड घरमालकाने पाडली. बाकीचे ठोकळे ओलीने फुगून चिरले. तुमच्याकडे आहे ती त्यांनी मला दिलेली प्रत, तीही पापडांच्या कपाटातच वाळलेली. साबणाचा ठोकळा आमच्या हॉट प्रेसमध्ये आहे, वरच्या फळीवर, आणि तो चांगला आहे.