शहाण्णव पळ्या आणि एक खुर्ची

"हे... सगळं... कुणी... सांगितलं?" सिंधूकाकूंनी विचारलं.

त्या जमिनीवर सपाट पडल्या होत्या. दगडी फरशीवर शेणाने सारवलेला पट्टा, त्यावर घोंगडी, घोंगडीवर काकू. उशाला तुळशीची कुंडी. भोवती आठ-नऊ नातेवाईक. जो आत येई तो गंगाजळाची एक पळी काकूंच्या तोंडात घाली आणि भिंतीला टेकून बसे.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण हे सगळं मीच सांगितलं होतं.

निदान काकूंच्या मुलाचा, विनायकरावांचा, तसा ठाम समज होता. आणि नीट विचार केला तर तो चुकीचा नव्हता.

मी तेव्हा बनारसच्या एका हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर युनिट चालवत होतो. युनिट म्हणजे मी, सिस्टर शकुंतला आणि माझी स्कूटर. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय, ते आधी सांगतो. काही आजार बरे होत नाहीत, पण त्यातली वेदना, दम, मळमळ, भीती कमी करता येते. ते काम आमचं. बाकीचे उपचार बंद करून नव्हे, त्यांच्या जोडीने. आणि ते फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नाही. म्हातारपणी हृदय, फुफ्फुसं, किडनी थकली की माणूस वर्षानुवर्षं तळमळतो, आणि त्याला विचारणारं कुणी नसतं.

हे मी इतरांना भाषणात सांगत असे. आता मी काय केलं ते ऐका.

काकूंचं हृदय थकलं होतं. पंप कमजोर झाला की पाणी मागे तुंबतं आणि फुफ्फुसात भरतं. उत्तर प्रदेशातल्या वीज खात्याला शोभेल असा हा पंप. चालू आहे म्हणायचं, एवढंच. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ते पाणी उतरतं. दिवसाला सव्वा लीटरच्या वर पाणी प्यायचं नाही. आणि आडवं झोपायचं नाही, कारण बसल्यावर जे पाणी तळाशी राहतं ते आडवं झाल्यावर सगळीकडे पसरतं. म्हणून काकू दीड वर्षं खुर्चीत झोपत होत्या.

त्या वर्षातलं ते चौथं ॲडमिशन. राउंडला आमचे सुपरिंटेंडेंट तिवारी सर म्हणाले, "इनको अपनी लिस्ट में ले लीजिए।" मी विनायकरावांना कॉरिडॉरमध्ये घेऊन गेलो. मी सांगलीचा. तेव्हा बनारसला येऊन आठ वर्षं झाली होती, आणि काशी आपल्याला कळली असं मला वाटायला लागलं होतं.

"विनायकराव," मी म्हणालो, "आता धावपळ नको. त्यांना घरी न्या, शांत ठेवा. शेवटी ही काशी आहे. लोक यासाठी हजार मैलांवरून इथे येतात."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. सिस्टर शकुंतलांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. तेव्हाच शहाणं व्हायचं. काकू वीस पावलांवर, खाटेवर बसून, चष्मा लावून पेपर वाचत होत्या. त्यांना मी काहीच विचारलं नाही.

विनायकराव बँकेतले. लेखी असो की तोंडी, आलेली ऑर्डर पाळायची सवय. त्यांनी काकूंना मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरी नेलं आणि दत्तूमामांना बोलावलं. दत्तूमामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे गुरुजी. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलेलं. त्यांनी सगळं शास्त्राप्रमाणे लावून दिलं. गोळ्या बंद, कारण आता औषध कशाला. माणूस जमिनीवर, कारण पलंगावर प्राण जाऊ द्यायचा नसतो. आणि प्रत्येकाच्या हातून एक पळी गंगाजळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी खुणेने विनायकरावांना माझा नंबर लावायला लावला. सिस्टरना घेऊन मी तिथे पोचलो, तो हा प्रसंग.

आम्ही दम शब्दांत मोजतो. एका श्वासात माणूस किती शब्द बोलतो ते बघायचं. काकू एका शब्दावर होत्या.

"खुर्ची," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या काखेत हात घातला. दत्तूमामा उभे राहिले. "काय करताय? एकदा जमिनीवर उतरवलेल्या माणसाला परत उचलायचं नसतं."

"मामा, त्या बुडतायत."

"गंगेत बुडते आहे. भाग्य आहे."

"फुफ्फुसात बुडतायत. ते भाग्य मी तुम्हाला दोन मिनिटं देऊन दाखवू का?"

हे मी बोलायला नको होतं. पण मला स्वतःचा राग आला होता, आणि तो काढायला मामा समोर होते.

खुर्ची जागा व्हावी म्हणून गच्चीवर टाकलेली होती. रुंद हातांची सागवानी खुर्ची. अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवल्यावर काकूंना निरोपाला मिळालेली. मी आणि विनायकरावांनी ती खाली आणली. काकूंना बसवलं, पंखा थेट तोंडावर धरला, सिस्टरनी शिरेतून लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं. मग आम्ही वाट बघत बसलो. हॉस्पिटलला न्यायचं का, असं विनायकरावांनी विचारलं तेव्हा काकूंनी बोट हलवलं. नाही.

तासाभराने तीन शब्द झाले. दुपारपर्यंत सहा. मग त्यांनी पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं.

"शहाण्णव पळ्या. कालपासून. मी मोजल्यात."

"काय?"

"आमची पळी दहा मिलीची आहे. करा गुणाकार. म्हणजे जवळजवळ लीटर. चहा वेगळा." त्या थांबल्या. श्वास घेतला. "तू मला विचारलंस का रे?"

मी जमिनीवर, त्या सारवलेल्या पट्ट्यावरच बसलो होतो. "काकू, मला वाटलं..."

"वाटलं. शाळेत पोरी मला हेच सांगायच्या."

"काशीत लोक..."

"मरायला येतात, ते बाहेरचे. आम्ही इथलेच आहोत. आम्हाला इथे राहायचं असतं."

मग मी ते काम केलं जे हॉस्पिटलातच करायला हवं होतं. विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

त्यांचं उत्तर तयार होतं. हॉस्पिटल परत नको. जमीन नको. ही खुर्ची, ही खिडकी. "आणि मला बोलता आलं पाहिजे. या घरात माझ्याशिवाय कुणी धड बोलत नाही. बाकी जे व्हायचं ते होऊ दे."

एवढंच हवं होतं. पण एवढं मिळवायला मला जितकं भांडावं लागलं तितकं मी लग्नासाठीही भांडलो नव्हतो.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पाणी बरंच उतरलं, तरी काकू पाच-सहा शब्दांच्या पुढे जाईनात. गुदमरल्याची भीती वर यायची, आणि भीतीने दम आणखी वाढायचा. अशा वेळी मॉर्फिनचा अगदी बारीक डोस कामाला येतो. मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात. पण नीट हाताळलं तर त्याने माणूस मरत नाही, फक्त मेंदूला गुदमरण्याचा जो ओरडा ऐकू येतो तो हळू होतो. मात्र त्यासाठी तिवारी सरांची सही लागे.

"कैंसर है?" सरांनी विचारलं.

"नाही सर. हार्ट फेल्युअर."

"तो फिर? हमारे यहाँ मॉर्फिन कैंसर में जाता है।"

"दम कॅन्सर विचारून लागत नाही, सर."

"भाषण मत दीजिए, डॉक्टर साब।"

मी बाहेर आलो आणि दुसरा फॉर्म भरला. निदानाच्या रकान्यात लिहिलं: फुफ्फुसाचा कॅन्सर, पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोवळं खोटं. फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवला आणि ही हुशारी सांगायला काकूंकडे गेलो. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती.

"परत आण तो कागद."

"काकू, औषध मिळेल."

"उत्तर बरोबर आणि रीत चूक, त्याला मी शून्य द्यायची. आणि उद्या दुसऱ्या म्हातारीला लागलं तर? तिलाही कॅन्सर लावशील?"

मी परत गेलो. सर फॉर्म वाचत होते. मी तो त्यांच्याकडून मागून घेतला. चाळिशीच्या पुढच्या माणसाला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच संध्याकाळी दत्तूमामांनी सरांकडे तक्रार केली. तुमचा महाराष्ट्रातून आलेला डॉक्टर काशीत माणसाला नीट मरू देत नाही. सकाळी मला बोलावणं आलं.

"आप धर्म में हाथ डाल रहे हैं?"

मी ठरवून टाकलं. नोकरी जायची तर जाऊ दे. "सर, तुम्ही स्वतः या. पेशंट बघा. मग जे म्हणाल ते."

"कितनी सीढ़ी है?"

"थोड्याच."

बासष्ट होत्या. तिसरा मजला, अंधारा जिना, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. सरांचं वजन त्या वेळी नव्वदच्या पुढे होतं. सिस्टर शकुंतला माझ्या मागून चढत होत्या आणि हळूच म्हणाल्या, "आप नरक में जाएँगे।"

वर पोचलो तेव्हा सर घामाने भिजले होते. मामा आधीच येऊन बसले होते, तक्रारीचा निकाल ऐकायला. सरांनी चौकट धरली. "माताजी... हम..."

"सर, तुम्ही आत्ता दोन शब्दांवर आहात," मी म्हणालो. सरांनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"बैठिए," काकू म्हणाल्या. त्यांनी आपला टेबलफॅन सरांकडे वळवला. "पहले साँस लीजिए।"

सर बसले. काकूंनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, "अब बताइए। इसी वक़्त कोई आपको ज़मीन पर सीधा लिटा दे, तो?"

सरांनी पंखा आणखी जवळ ओढला. अजून बोलता येत नव्हतं.

"आपका हाँफना पाँच मिनट में उतर जाएगा," काकू म्हणाल्या. दोनदा थांबून त्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं. "मेरा नहीं उतरता।"

पाच मिनिटांनी सर उठले. दाराशी थांबून मला म्हणाले, "काग़ज़ भेज दीजिए। सच वाला।"

मॉर्फिन दुसऱ्या दिवशी आलं. चौथ्या दिवशी काकू मोलकरणीशी एका दमात भांडल्या. आम्ही ते चार्टवर नोंदवलं.

उरले दत्तूमामा. ते रोज येत, कोपऱ्यात जप करत बसत. एकदा मीच माफी मागितली, त्या दोन मिनिटांच्या बोलण्याची. ते म्हणाले, "आमची आई हॉस्पिटलच्या पलंगावर गेली. मी घाटावर होतो, दुसऱ्याच्या आईचं करत होतो. पोचलो तेव्हा उतरवायला कुणी नव्हतं." मग काकूंकडे न बघता म्हणाले, "हिला तरी..."

काकूंनी ऐकलं. "दत्तू, माझे पाय कुठे आहेत?"

"काय?"

"पाय. कुठे टेकलेत?"

मामांनी पाहिलं. "जमिनीवर."

"मग झालं तर."

"असं कुठे सांगितलेलं नाही, अक्का."

"नको असं तरी कुठे सांगितलंय? शोधून आण."

मामा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेण घेऊन आले. त्यांनी काकूंच्या पायांखालची फरशी सारवली. मग शंका नको म्हणून खुर्चीच्या चारही पायांखाली, एकेक पाय उचलून, काकू तीत बसलेल्या असताना. तुळशीची कुंडी खुर्चीच्या हाताशी ठेवली. गंगाजळ रोज एक पळी, असा तह झाला. विनायकराव बँकेच्या अक्षरात पाण्याचा तक्ता लिहीत: चहा शंभर, औषधाबरोबर पन्नास, गंगाजळ दहा.

काकू पुढे जवळजवळ आठ महिने जगल्या. एकदाही ॲडमिट झाल्या नाहीत. बोलणं थांबलं नाही. माझं हिंदी, सिस्टरांचं अक्षर, विनायकरावांचा चहा, सगळ्यांना त्यांनी नापास केलं. फाल्गुनातल्या एका दुपारी विनायकरावांचा फोन आला. "आई गेली. खुर्चीत. मामा होते."

मी गेलो. पाय सारवलेल्या जमिनीवर टेकलेले होते. कुणी रडून गोंधळ घालत नव्हतं. तक्त्यावर शेवटची नोंद विनायकरावांच्या अक्षरात नव्हती. मामांच्या पोथीच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: गंगाजळ १०.

खुर्ची विनायकरावांनी युनिटला देऊन टाकली. त्यानंतर ती बऱ्याच घरांत गेली. आता गुरुजी मंडळीच आम्हाला सांगतात की अमक्याकडे कुणाला दम लागतोय, ती खुर्ची पाठवा. सांगणाऱ्यांत दत्तूमामा पहिले. सिस्टर शकुंतलांनी ती कुठे आहे याची वही ठेवली होती. मी निवृत्त झालो तेव्हा खुर्ची अस्सी घाटाकडच्या एका घरात होती.

धडा विचाराल तर एकच. पेशंट वीस पावलांवर असेल तर वीस पावलं चालायची. तिवारी सर बासष्ट पायऱ्या चढले होते. मला तर सपाट जमीन होती.