जानराव भाऊजींचं कृष्णविवर

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, आसेगावात कोणी 'कसं काय, जानराव?' असं विचारत नाही. विचारलं की ते सांगतात, आणि सांगायला लागले की सुरुवात ताऱ्याच्या जन्मापासून होते. मंगरुळपीरची गाडी समोरून निघून जाते, विचारणारा तसाच उभा. जानराव सरकटे वीज खात्यात लाइनमन होते. नोकरीत होते तोवर बराच वेळ खांबावर असायचे, म्हणून गाव वाचलं होतं. निवृत्त होऊन खाली उतरले, मोबाइलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघायला लागले आणि गावाचे ग्रह फिरले. हे मी त्यांच्यासमोर म्हणू शकत नाही. ग्रह फिरले म्हटलं तर ते कोणता ग्रह कोणाभोवती फिरतो तिथून धरतात.

आमच्या समाजात भाषणाची हौस मोठी. लग्न असो, नामकरण असो की कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, विधी आटोपला की माइक फिरतो आणि आलेल्या पाहुण्यांनी मार्गदर्शनपर दोन शब्द बोलायचे असतात. चाल चांगलीच आहे. ज्यांच्या तोंडाला पिढ्यान्पिढ्या कुलूप होतं त्यांनी बोलायलाच पाहिजे. पण भाऊजींनी कुलूप काढता काढता दारच उखडून टाकलं. लग्नात ते कृष्णविवरावर बोलतात, भात गार होईपर्यंत. नामकरणात पाळण्यातल्या लेकराला सूर्य एक दिवस विझणार असल्याची खबर देतात. एका पुण्यानुमोदनात त्यांनी सांगितलं, की कृष्णविवराजवळ काळ जवळजवळ थांबतो. मयत माणसाची बायको पदर सावरत म्हणाली, "आमचा त थांबलाच हाये ना बाप्पा, तुमी आता जेवून घ्या."

यात खरी गंमत वेगळीच. त्यांची पोरगी मंजुषा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. मंगरुळपीरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. बाप ज्या विषयावर गावभर फिरून बोलतो तो पोरीच्या रोजच्या शिकवण्यातला, आणि बापाने तिला त्यातलं एक अक्षर कधी विचारलं नाही. ती मधेच "बाबा, तसं नसते" म्हणाली की "तू थांब" हे उत्तर ठरलेलं. मला याचा संताप यायचा. पोरीला शिकवलं म्हणून छाती फुगवणारे आमच्याकडे खूप आहेत, शिकलेल्या पोरीचं ऐकणारा दाखवा.

मंजुषाने तिचं लग्न तिचं तिनेच ठरवलं होतं. किन्हीराजाचा धम्मरत्न. वाशीमला कॉलेजात तिच्याच वर्गात होता आणि परीक्षा आली की वही घेऊन तिच्यासमोर बसायचा. आता त्याला वाशीमलाच सरकारी नोकरी लागली. बाप लहानपणी गेला, काकाने वाढवलं, म्हणून काकाचा होकार तेवढा बाकी होता. मंजुषा मला म्हणाली, "मामा, मले हाच पाहिजे. काका येतीन तवा बाबाले तेवढं सांभाळा."

सांभाळा म्हणजे बोलू देऊ नका. भाऊजी विज्ञानवादी, शपथ मानत नाहीत. म्हणून माझ्या बहिणीने, लिलाबाईने, नवऱ्याकडून नुसता शब्द घेतला, की पाहुणे जाईपर्यंत अंतराळाचं नाव निघणार नाही.

रविवारी काका आले, सोबत धम्मरत्न आणि दोन म्हातारे. जय भीम झाला, पोहे झाले. मंजुषा समोरच्या खुर्चीवर बसली. काकाच्या हातात तिचा बायोडाटा होता तरी काकाने नाव विचारलं, मग शिक्षण विचारलं, मग एम.एस्सी.ला किती वर्षं लागतात ते विचारलं. तिला उठून दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. पोरगी कॉलेजात पोरांना शिकवायला जाते ती काय रांगत जाते? पण माझी बहीण डोळ्यांनी मला दाबत होती, आणि मंजुषा मुकाट्याने चालून आली. धम्मरत्नसाठी तिने तेही केलं.

मंजुषाची चौकशी संपली. काका सुपारी कातरत म्हणाले, "जानरावजी, रिटायर झाल्यावर टाइमपास कसा करता?"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भाऊजी उभे राहिले होते. बसून बोलणं त्यांना जमतच नाही.

"कृष्णविवर म्हंजे अंतराळातला मोटारपंप समजा," भाऊजी म्हणाले. "सगळं ओढून घेते. ग्रह, तारे, उजेड, सगळं. उद्या आपल्या सूर्याच्या जागी तेवढंच कृष्णविवर ठेवलं, का पृथ्वी सुर्रकन आत!"

"बरोबर हाये," काका म्हणाले. "आमच्या मोबाइलवर बी आलतं."

"हो, बरोबर हाये," धम्मरत्नही म्हणाला.

इथे मंजुषाने मान वर केली. बापाचं चुकणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण हाच धडा तिने धम्मरत्नला शिकवला होता, त्याच्यावर त्याला मार्क मिळाले होते, आणि तो काकाच्या तोंडाकडे बघून हो म्हणत होता.

"बाबा, तसं नसते."

"तू थांब."

"आज नाई थांबत. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं त पृथ्वी हाये तशीच फिरत राहीन. अंधार पडन, सगळं गोठन, पण आत जाणार नाई. ते जास्तीचं ओढत नाई कोणाले. वजन तेवढंच, मंग ओढ बी तेवढीच. लय जवळ गेलं तरच सुटका नाई."

"मंग उजेड काहून बाहेर येत नाई?" एका म्हाताऱ्याने विचारलं. हा माणूस मला आवडला.

मंजुषा खुर्चीत पुढे सरकली. वर्गात ती अशीच बोलत असणार. "आबाजी, तव्यावर भाकर फुगते ना? आतली वाफ तिले वर उचलून धरते. ताऱ्याचं बी तसंच. त्याचंच वजन त्याले चहूकडून आत दाबून राह्यलं, अन् आतली आग बाहेर ढकलून राह्यली. दोघांचं जमलं तोवर तारा उभा. मोठ्या ताऱ्यात ती आग जळता जळता शेवटी मधल्या गाभ्यात लोखंड जमते. लोखंड म्हंजे राख समजा, ते पेटून आग देत नाई. मंग आतून ढकलणारं कोणीच नाई. पापणी लवते तेवढ्यात मधला गाभा आत कोसळते, वरचं सगळं फुटून उडते. अन् उरलेला गाभाच लय जड असला, त त्याचं दबणं कोणाच्यानं थांबत नाई. आपली आख्खी पृथ्वी दाबून पोराच्या खेळातल्या गोटीएवढी केली, त तिचं बी कृष्णविवर होईन. एवढ्यात एवढं वजन, म्हणून त्याच्या हद्दीतून उजेड बी निसटत नाई. भोक नाई ते. कोंबून भरलेलं हाये."

म्हातारा पोह्याची बशी हातात धरून तसाच बसला होता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मामाने टाळ्या वाजवायच्या नसतात.

काकाने सुपारी तोंडात टाकली. "म्हंजे भाकर येते पोरीले," ते म्हणाले. दुसरा म्हातारा हसला. "ते बरं हाये. पण चार लोकांत बापाले चूक म्हणते. उद्या आमाले म्हणन. काय रे धम्मरत्न?"

मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेत सगळं होतं, वह्या, परीक्षा, वाशीमचं बसस्टँड, सगळं. त्याने फक्त 'मले चालते' म्हणायचं होतं. धम्मरत्नने बशीतला शेंगदाणा चमच्याने इकडचा तिकडे केला.

बोलले ते भाऊजी. "मी चुकलो असन त माही पोरगी मले सांगन," ते म्हणाले. "तुमी काहून तापून राह्यले?"

काका उठले. मागोमाग धम्मरत्न उठला. पहिला म्हातारा जाता जाता मंजुषाला जय भीम करून गेला, तेवढंच.

पोरगी चुलीपाशी बसून रडली. मलाही रडू आलं, मी ते भाऊजींवर चिडून घालवलं. तुम्ही तोंड उघडलं नसतं तर, वगैरे. पण तेव्हाही मला माहीत होतं की चूक त्यांच्या तोंडाची नव्हती, त्या दुसऱ्या मिटलेल्या तोंडाची होती. पुढचे काही दिवस भाऊजी कोणाशीच बोलले नाहीत. गावात लोक विचारायला लागले, जानराव आजारी आहेत का. कोणी मनापासून विचारत होतं असं मला वाटत नाही.

मग एका सकाळी धम्मरत्नचा फोन आला. मंजुषा अंगणात उभी राहून बोलली, आम्ही ओसरीवर होतो. काका मोठे आहेत, तू समजून घे, नुसती माफी माग म्हणजे सगळं जमतं, असं काहीसं तिकडून चाललं असावं. मंजुषाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाई रे, माफी नाई मागत. मी काय कोसळून नाई राह्यली. अन् तू बी घाबरू नको. कोसळाले लय वजन लागते. हलक्या ताऱ्याचं कृष्णविवर होत नाई. आतली आग सरली का तो जागच्या जागी थंडा होत जाते, बस."

फोन ठेवून ती आत गेली.

भाऊजी बायकोजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "लिला, हे हलक्या ताऱ्याचं बरोबर हाये का वो?"

"मले काय इचारता?" माझी बहीण तांदूळ निवडत म्हणाली. "जे शिकली तिले इचारा."

भाऊजी उठले, सदऱ्याची गुंडी लावली आणि आत गेले. त्यांनी काय विचारलं ते आम्हाला कळलं नाही. बाहेर ऐकू येत होता तो फक्त तिचा आवाज.