साडूंचा समुद्र

माझ्या साडूंइतका समुद्रावर विश्वास ठेवणारा माणूस उभ्या किनारपट्टीवर सापडायचा नाही. आणि हे साडू मूळचे साक्री तालुक्यातले, म्हणजे जिथे नदी बघायची तर आधी ती येण्याची वाट बघावी लागते तिथले. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्या वाट्याला आली, धाकटी माझ्या. दोघेही पोटासाठी सुरतेला आलो आणि उधन्यात राहिलो. मी एका डाइंग मिलच्या ऑफिसात चिकटलो, ते लूमवर. लूम बंद पडल्यावर त्यांनी आपल्या खानदेशी मंडळींना बसने सप्तशृंगी, शिर्डी घडवायला सुरुवात केली, आणि तोपर्यंत ते चारचौघांसारखेच होते. मग एका वर्षी मुंबईहून गोव्याला जाणारं एक भलंमोठं जहाज एजंट लोकांना दाखवायचं म्हणून कुणीतरी त्यांना फुकट नेलं, आणि गेलेला माणूस आम्हाला काही परत मिळाला नाही. आला तो कॅप्टन होऊन.

आल्या आल्या त्यांनी पांढरे शर्ट शिवून घेतले. खांद्यावर सोनेरी पट्ट्या हव्या होत्या. त्या कुठे मिळतात हे शिंप्यालाही माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी मार्केटमधून साडीच्या जरीच्या काठाचा तुकडा आणला आणि तोच बसवला. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, "माझ्या लग्नातल्या शालूला एवढी जर नव्हती." घराची गॅलरी त्या दिवसापासून डेक झाली. गॅलरीसमोर खाडी होती, सुरतेत ज्याला खाडी म्हणतात ती, म्हणजे अर्ध्या उधन्याचं सांडपाणी. पण साडू संध्याकाळी हात पाठीमागे बांधून तिच्याकडे असे बघत उभे राहायचे की खालून जाणारा माणूससुद्धा क्षणभर तिकडे वळून बघे. चहाला बोलवायचे तर "पाहुणे, डेकवर या" म्हणून. जहाजाचं वर्णन करताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढत जायचा. "आपण फक्त बसायचं, पाहुणे. जेवायला बसायचं, नाच बघायला बसायचं. हिंदुस्थान आपोआप मागे सरकतो!"

बसच्या यात्रा सोडून त्यांनी जहाजाच्या सहलींचं ऑफिस थाटलं, आणि लोक जायला लागले, हे नवल. उधना, पांडेसरा इथल्या ज्या बायकांनी डुमसच्या चौपाटीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं त्या नऊवारी नेसून जहाजावर चढल्या. कुणी विचारलं, "उलट्या होतील का?" तर साडू म्हणत, "काही होत नाही." कुणी विचारलं, "जहाज हलतं का?" तर, "काही होत नाही." आमच्या शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, की जहाजावर मेलो तर कसं, त्यांनाही सवयीने हेच उत्तर मिळालं. म्हातारबाबा गेले आणि धडधाकट परत आले, वर सांगत सुटले की जहाज आपल्या रिक्षापेक्षा कमी हलतं. साडूंची जाहिरात ती एवढीच. एकटी ताई तेवढी कधी गेली नाही. दर खेपेला तिची पिशवी भरून तयार असे आणि दर खेपेला ऐन वेळी कुणी गिऱ्हाईक वाढे. "पुढच्या खेपेला नक्की," असं साडू म्हणायचे, आणि ताई पिशवीतल्या साड्या परत कपाटात लावायची.

मग ते जहाज कलंडलं. आमचं नव्हे, लांबच्या कुठल्याशा देशात, सुट्टीला निघालेल्या माणसांनी भरलेलं एक जहाज किनाऱ्याजवळ कुशीवर झालं आणि त्यात माणसं गेली. टीव्हीवर ते दिवसभर आडवं पडलेलं दिसायचं, त्याच्या भिंतीवरून घसरणारी माणसं दिसायची, आणि उधन्यातल्या प्रत्येक घरात जेवताना ते चित्र समोर असे. साडूंचा पुढचा ग्रुप पूर्ण भरला होता. एकेक जण नाव काढून घ्यायला यायला लागला. भीती वाटते असं मात्र एकानेही सांगितलं नाही. एकाचे गुडघे दुखायला लागले, एकीच्या सुनेला तोच मुहूर्त साधून माहेरी जायचं होतं, खालच्या गुजराती दुकानदाराने हसून "पछी जोईशुं" म्हटलं. 'नंतर बघू' असा त्याचा अर्थ, पण सुरतेत तो शब्द कानावर पडला की विकायला आलेला माणूस आपलं सामान आवरायला घेतो. खरं बोलली ती एक धुळ्याकडची काकू. साडू तिला नकाशा काढून समजावत होते की ते जहाज वेगळं, तो देश वेगळा, तो समुद्रही वेगळा. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन भाऊ, पानी तं आतून एकच ना? आठे बी तेच नि तठे बी तेच." साडूंनी नकाशाकडे पाहिलं. नकाशात खरोखरच सगळं निळं एकमेकांना लागलेलं होतं.

तरी ते हरले नाहीत. लोकांचा विश्वास गेलाय, तो परत आणायचा, म्हणून त्यांनी एका रविवारी आम्हा सगळ्यांना टेम्पोत घालून डुमसला नेलं. नारिंगी जाकीट घातलेला माणूस बुडूच शकत नाही हे ते स्वतःच्या अंगाने दाखवणार होते. भरतीची वेळ विचारून ठेवली होती, पण आधी भाषण झालं. समुद्र, विज्ञान, मनाची हिंमत असं करत भाषण इतकं लांबलं की मंडळी टोमॅटोची भजी आणायला गेली आणि खाऊन परत आली तरी ते हिमतीपर्यंतच पोचले होते. अखेर ते पाण्यात शिरून उताणे झाले आणि खरोखर तरंगले. टाळ्या पडल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. डुमसचा समुद्र ओहोटीला लागला की नुसता मागे हटत नाही, निघूनच जातो. हळूहळू त्यांच्या खालचं पाणी गेलं, आणि आमचे साडू काळ्या चिखलात, नारिंगी जाकिटात, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून पडलेले राहिले. तेवढ्यात काकू पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "भाऊ तं मेल्यासारखाच दिखस." सगळे हसले. पण बुडालेला माणूस कसा दिसतो हे त्यांनी लोकांना फार चांगलं दाखवलं होतं.

त्यानंतर साडूंच्या ऑफिसातला फोन वाजेनासा झाला. लोक त्यांना टाळायला लागले. वाईट वाटू नये म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. मी मिलमधून सुटल्यावर डोकावायचो. पांढरा शर्ट घालून ते एकटे बसलेले असत आणि मोबाइलवर त्या आडव्या जहाजाचे व्हिडिओ बघत असत. आधी मला वाटलं, लोकांना उत्तरं द्यायला अभ्यास चाललाय. मग लक्षात आलं की ते आवाज बंद करून बघतात. ताई म्हणाली, जेवत नाहीत, गॅलरीत येत नाहीत, खाडीला पाणी चढलं तर खिडकी लावून घेतात.

अशात त्यांच्या मुलीचा भावनगरहून फोन आला. दिवस भरत आले होते, आईने यावं असं तिचं म्हणणं. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून आखातापलीकडे घोघ्याला बोट जाते, तिथून भावनगर जवळ. ताईने या वेळी विचारलं नाही, सांगितलं. "आता तर जागा आहे ना? आता मी बोटीनेच जाणार." साडूंना नाही म्हणता येईना. सोबत म्हणून आम्ही नवराबायकोही निघालो.

बोटीवर गर्दी होती. सुट्टीवर गावी निघालेले हिऱ्याचे कारागीर, त्यांच्या मोटरसायकली, गाठियाच्या पुड्या, रडणारी पोरं; कुणाच्या तोंडी समुद्राचं नावसुद्धा नव्हतं. त्यांना तो एक रस्ता होता, इतकंच. ताई आणि माझी बायको सरळ वर गेल्या. साडू आत आले, जाकिटांच्या कपाटाशेजारची खुर्ची त्यांनी पकडली आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिथल्या कर्मचाऱ्याला त्यांनी विचारलं, "सगळ्यांना पुरतील का ही?" तो म्हणाला, "हो काका, काही होत नाही." हे ऐकून ते एकदम पांढरे पडले. मला वाटलं उलटी होणार, म्हणून पिशवी शोधू लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पाहुणे," ते म्हणाले, "त्या जहाजावर लोकांना आणून बसवणारा माझ्यासारखाच कुणीतरी असेल हो. त्यानेही हेच सांगितलं असेल."

"तुमचे सगळे लोक सुखरूप परत आले," मी म्हणालो.

"आले. पण ते माझ्यामुळे नाही आले. मला काय माहीत होतं? मला पोहतासुद्धा येत नाही. बायाबापड्या माझ्या तोंडाकडे बघून चढल्या, आणि मी नुसता शर्ट घातला होता."

मी खूप काही बोललो असेन. आता आठवत नाही आणि त्यांनी ऐकलंही नसावं. काचेतून वर जाणारा जिना दिसत होता. थोड्या वेळाने ताई खाली आली. केस विस्कटलेले, चेहरा ओला, आणि इतक्या वर्षांत न पाहिलेलं हसू. "अहो, वर चला ना, काय वारा आहे!" ते उठले. खरंच उठले, दोन पावलं टाकली, आणि बोट जराशी हलल्याबरोबर पुन्हा बसले. ताईने पाहिलं. हसू तिने लगेच आवरलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली. मग त्यांनीच तिला म्हटलं, "तू जा. तू बघून ये." ती घोघा येईपर्यंत गेली नाही.

ऑफिस त्यांनी बंद केलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. साडू रिंग रोडच्या मार्केटात एका पेढीवर साड्यांच्या पार्सलांवर देखरेख करतात, साधे चौकटीचे शर्ट घालतात, आणि कुणी प्रवासाचं काही विचारलं तर "मला त्यातलं कळत नाही" म्हणतात. यात नम्रपणाचा भाग अजिबात नसतो, म्हणून ते ऐकवत नाही. काही लोक पुन्हा जहाजाने जायला लागलेत म्हणे. टीव्हीवरचं ते चित्र केव्हाच पुसलं गेलं. लोकांचा विश्वास आपला आपण परत आला. साडूंचा तेवढा आला नाही.

भावनगरला नातू झालाय, त्यामुळे दोघांना वरचेवर जावं लागतं. ताईला बोटीशिवाय चालत नाही आणि साडूंना बोट चालत नाही. तेव्हा दोघं एकाच सकाळी घरातून निघतात. ते तिला हजिऱ्याच्या बसमध्ये बसवून देतात आणि स्वतः दुसऱ्या बसने बडोद्यावरून, अख्ख्या आखाताला वळसा घालून, दिवसभर हाडं खिळखिळी करत जातात. ती दुपारच्या जेवणालाच पोचते. नातवाला खेळवते, जरा पडते, आणि संध्याकाळी त्यांना आणायला बसस्टँडवर जाते. बस येते, धुळीने भरलेले साडू उतरतात. ती त्यांच्या हातातली पिशवी घेते. घराकडे चालता चालता ते विचारतात, "आज कसा होता?" आणि ताई सांगू लागते. पाणी कुठे हिरवं होतं, पक्षी कुठपर्यंत सोबत आले, किनारा कुठे दिसेनासा झाला. ते मान खाली घालून ऐकतात. घर आलं तरी तिचं सांगणं संपलेलं नसतं, म्हणून फाटकाशी दोघं थोडा वेळ तशीच उभी राहतात.