आईचं माप

परवा नव्या कलेक्शनची चित्रं काढताना जलरंगाने भिजलेल्या कागदाचा वास आला आणि मी एकदम अंजूरच्या आमच्या घरात पोचले. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. संध्याकाळपर्यंत दहा पोशाखांची चित्रं द्यायची होती आणि नेमकी दुपारी लाईट गेली. रंग वाळेनात. शेतावरून आलेली आई न जेवताच पुठ्ठा घेऊन एकेका कागदाला वारा घालत बसली. गुलाबी घागरा, निळा पायघोळ झगा, सगळं ती निरखून बघत होती.

“यातला मना कंचा होईल गो?” तिने हळूच विचारलं.

मी मान वर न करता म्हणाले, “आई, हे मॉडेलसाठी असतात. तुला नाही शोभायचे.”

“हां, बराबर हाय,” म्हणून ती हसली आणि वारा घालत राहिली.

कागद वेळेत वाळले, याचाच तेव्हा मला आनंद होता. आता आई नाही. परवा भिवंडीतल्या फ्लॅटवर एकटीच बसून मी पहिल्यांदा तिच्यासाठी एक पोशाख रंगवला. सवयीने खाली मापं लिहायला गेले, तेव्हा लक्षात आलं, आईचं माप मी कधी घेतलंच नव्हतं.