भिंतीला मारलेलं पाणी

आमच्या मधल्या भिंतीत स्पीकरच्या तारा घातल्या तेव्हा मला सातवा महिना लागला होता आणि गावाला टँकरनं पाणी येत होतं.

युसूफ वडगावात आमचं विटा-सिमेंटचं घर. माझे मालक सहकारी साखर कारखान्यात वायरमन. त्या साली शिवारात ऊसच उभा नव्हता, कारखान्याचा हंगाम काही सुरू झाला नाही. घरी बसायची यांना सवय नाही. घरातले पंखे खोलून पुसले, इस्त्री नीट केली, विहिरी कोरड्या पडल्या होत्या तरी गल्लीतल्या लोकांच्या मोटारी तपासून दिल्या. मग सुताराकडून दोन लाकडी खोकी करून आणली आणि त्यांत स्पीकर बसवले. एक टेपजवळ पुढच्या खोलीत, दुसरा मामांच्या खोलीत.

मामा म्हणजे माझे सासरे. पूर्वी ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, माणसांत वावरलेले. डोळे गेल्यापासून दिवसभर खाटेवर बसून असायचे. कारखाना सुरू झाला की आपण दिवसभर कामावर असताना बापाला काहीतरी ऐकायला मिळावं, एवढाच यांचा हेतू होता. आपल्या खोलीतल्या खोक्यातून पहिल्यांदा भजन ऐकू आलं तेव्हा मामा उठून स्पीकरला हात लावून आले. पोराचं कौतुक करणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

तारा मात्र फरशीवरून गेलेल्या. चार दिवसांनी मामांचा पाय त्यात अडकला आणि ते उंबऱ्यावर पडले. गुडघा सुजला. हे इतके ओशाळले, की त्याच दुपारी छन्नी-हातोडा घेऊन बसले. भिंतीत झिरी मारली, त्यात पाईप बसवला, पाईपातून तार ओढली आणि वरून सिमेंट-वाळूचा माल भरून थापीनं घोटून घेतला. हात चांगला होता त्यांचा.

"आता आठवडाभर पाणी मारायला लागंल," ते म्हणाले. "न्हाईतर तडे जातील."

"पाणी कुठलं?"

"तांब्याभरानं काय व्हतंय?"

तांब्याभरानं भागत नसतं. उन्हाळ्यातली भिंत, सकाळी मारलेलं पाणी पोळी भाजेपर्यंत गायब. सकाळी मारा, दुपारी मारा, दिवस मावळताना मारा. ते काम माझ्याकडं आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ओल्या भिंतीजवळ गार वाटायचं. जड झालेलं अंग घेऊन मी तिथंच पाट टाकून बसायचे, पाठ टेकवायचे आणि गाणी ऐकायचे.

टँकर दूध संस्थेच्या हौदात रिकामा व्हायचा आणि तिथून घरटी पाणी वाटायचे. मला घागर उचलायची मनाई. आमच्या वाट्याचं पाणी शेजारच्या काकू आणायच्या. त्यांचे मालक आणि मुलगा ऊस तोडायला लांब मुलखात गेले होते. म्हैस चारा छावणीत बांधलेली. घरात त्या एकट्या. डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन त्या आधी आमच्या दारात यायच्या, आमचा रांजण भरायच्या आणि मग स्वतःचं पाणी आणायला परत जायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझं पोट पाहिलं आणि आपणहून सुरू केलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या घागर घेऊन आत आल्या तेव्हा मी तांब्यातलं पाणी ओंजळीनं भिंतीवर मारत होते. पाणी भिंतीवरून ओघळून फरशीवर आलं होतं. काकू दारात थबकल्या.

"भिंतीला ताप आलाय का गं?"

"न्हाई काकू, ते... तारा घातल्यात आत. स्पीकरच्या."

"बरं."

त्यांनी घागर रांजणात उपडी केली, तळाला राहिलेलं दोन बोटं पाणीही घागर थापटून काढलं, पदरानं मान पुसली आणि गेल्या. टेप चालूच होता. मला तो बंद करायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. त्या अंगणात राखेनं भांडी घासत होत्या, आणि घासून झाल्यावर फडक्यानं नुसती पुसून ठेवत होत्या.

"काकू, उद्यापासून आमचं पाणी आणू नका."

"कावून?"

"तुमी डोक्यावर वाहून आणता आन आमी भिंतीला घालतो."

त्यांनी हातातलं ताट पुसून उपडं ठेवलं. "मी तुझ्या पोटाकडं बघून आणते. आता ते तू पी, न्हाईतर भिंतीला पाज. माझी म्हैस हितं असती तर तिला पाजलं असतं, येवढं मातर मनात आलं बघ. लई तहानलेली हाय ती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी आले आणि यांना म्हणाले, "भिंतीला आता थेंबसुद्धा मारायचा न्हाई. तडे गेले तर जाऊ देत." आवाज चढला असावा, कारण मामांनी खोलीतून विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. नको होतं सांगायला.

मामा भिंत चाचपत दारापर्यंत आले. मग म्हणाले, "टेप बंद कर."

"दादा, तुमच्यासाठीच—" हे बापाला म्हणाले.

"माझ्यासाठीच ना? म्हणून म्हणतो, बंद कर."

यांनी टेप बंद केला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. हातावर सिमेंटनं पडलेल्या भेगा होत्या, त्यांना खोबरेल लावत राहिले. त्या माणसानं बापाच्या मायेपोटी सगळं केलं होतं आणि मी त्याला दोषी ठरवून मोकळी झाले होते. पाणी मारणारी तर मीच होते. पाठ टेकून बसणारीही मीच.

भिंतीला तडे गेलेच. काकू दुसऱ्या दिवशी घागर घेऊन आल्या, नेहमीसारख्या. त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही आणि मी त्यांच्याकडं.

केजच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. बाळाला घेऊन परतले तोवर पाऊस बरा झाला होता, आणि काकूंची म्हैस विकली गेली होती. छावणीत ती आजारी पडली, तिथूनच विकली, असं मामांनी सांगितलं. मामा पुन्हा भजन ऐकायला लागले होते, पण नातीसाठी लाव म्हणायचे, स्वतःसाठी म्हणून कधी मागितलं नाही.

कारखाना पुढच्या हंगामाला सुरू झाला आणि हे कामावर गेले. म्हैस नाही, दूध नाही. काकूही त्या वर्षी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला निघाल्या. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा असताना त्या माझ्याकडं आल्या, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ध्यान ठेव घराकडं."

"काकू, त्या येळेला मी—"

"कोंबड्यांना सांजच्याला कोंडत जा. मांजर फिरतंय," त्या म्हणाल्या आणि ट्रॉलीत चढल्या.

तो सगळा हंगाम मी सकाळी आधी त्यांचं अंगण झाडायचे, मग आमचं. झाडून झालं की बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच.