आबांची मुलाखत बाजरीवर

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून सरळ इथं लिहितोय.

घोडेगावच्या केबलवर मी जुन्या चित्रपटांचा कार्यक्रम दहा वर्षं करत होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या निरगुडसरच्या आबांची मी त्यात तासभर मुलाखत घेतली होती. तिची एक कॅसेट त्यांना भेट दिली होती. आबा आता नाहीत. आज ती सीडीवर उतरवून घ्यावी म्हणून मागायला गेलो.

त्यांचा मुलगा मला थेट रानात घेऊन गेला. बाजरीवर या बांधापासून त्या बांधापर्यंत कॅसेटची काळी पट्टी ताणलेली होती. वाऱ्यानं ती घुंघुं वाजत होती.

"लई पाखरं व्हती राव. ही बांधल्यापासनं एक बसत न्हाई."

"अरे, आबा होते त्यात."

"मग तुमच्याकडं आसंलच की दुसरी. तुमी टीव्हीवालं."

पण मूळ कॅसेटवर मीच आबांना पुसून पुढच्या आठवड्याचा भाग रेकॉर्ड केला होता. जुन्या कंपन्यांनी आपले चित्रपट जपले नाहीत, म्हणून ज्या भागात मी तावातावानं बोललो, तोच तो भाग. ती कॅसेट मात्र माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे.

तुमच्यापैकी कुणी आबांचा भाग घरी रेकॉर्ड केला होता का? असेल तर तुमच्या बाजरीवर पाखरं यायच्या आत मला कळवा.